चढणे

'चढणे'चं मूळ संस्कृतात शोधू गेलं तर हाती लागत नाही. संस्कृतात वर जाण्यासाठी 'आरुह्', म्हणजे 'आ' उपसर्गासह 'रुह्' हा धातू आहे. आरोह, आरोहण, आरूढ हे शब्द त्याचेच. ते गाण्यात आणि ग्रंथांत मानानं राहिले. डोंगर चढायला मराठी माणसानं प्राकृताचा शब्द धरला. टर्नरच्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात 'चढति' या रूपाला चांदणी आहे, म्हणजे ते लेखी कुठे मिळालेलं नाही, नंतरच्या भाषांवरून कल्पिलेलं आहे.

12व्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं लिहिलेल्या प्राकृत व्याकरणात 'आरुह्'च्या जागी दोन रूपं सांगितली आहेत: 'चड' आणि 'वलग्ग'. दोन्ही मराठीत उतरली. ज्ञानेश्वरीतलं 'वळघणे' हे या 'वलग्ग'चंच. आज ते टीप वाचल्याशिवाय कळत नाही, याची मला हळहळ वाटते. त्याच्या वाट्याचं कामही पुढे 'चढणे'नंच उचललं.

आणि किती काम! ताप चढतो, भाव चढतात, आवाज चढतो. चुलीवर भात चढवतात, घरावर मजला चढवतात. नवरदेव बोहल्यावर चढतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माणूस उर्मट झाला की तो 'चढेल'. सगळ्यांत नेमका प्रयोग मला हरभऱ्याच्या झाडाचा वाटतो. हरभरा जेमतेम गुडघ्याएवढा. त्यावर चढून माणूस कितीसा उंच जाणार? खोट्या स्तुतीची उंची ज्यानं प्रथम अशी मोजली, त्यानं शेत जवळून पाहिलेलं असणार.

नाम म्हणून 'चढ' चालणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. घाटाचा तोच रस्ता खालून येणाऱ्याला चढ, वरून येणाऱ्याला उतार. घाटात आधी वाट द्यायची असते तीही चढाच्या गाडीला, म्हणजे खालून येणाऱ्याला.

या जोडीतल्या 'उतरणे'चं कूळ मात्र सरळ संस्कृतात लागतं, 'उत् + तृ' असं. 'उत्' म्हणजे वर. पाण्यातून वर येणं, तरून काठाला लागणं हा त्याचा जुना अर्थ. नावेतून काठावर येणं म्हणजे नावेवरून पायउतार होणंही. तिथून अर्थ खाली वळला. 'चढउतार' या जोडशब्दात वर नेणारा उपसर्ग आहे तो 'उतार'मध्ये.