प्रस्थान आणि विमान

परदेशीं निघालेल्या माणसानें वाहन सुटण्याच्या किती आधीं ठिकाणावर हजर असावें, हा प्रश्न आजचा वाटतो. पण त्याचें वय बरेंच आहे. मराठवाड्यांतल्या घरांत त्याला एक जुनें उत्तर होतें. मुहूर्त तर साधतो, पण त्या घटकेला निघतां येत नाहीं, अशी अडचण आली म्हणजे वस्त्रांत तांदूळ व सुपारी बांधून तें गांठोडें शेजाऱ्याच्या घरीं अथवा देवळांत नेऊन ठेवीत. यालाच ‘प्रस्थान ठेवणें’ म्हणत. माणूस मागाहून सवडीनें निघे. शास्त्राच्या दृष्टीनें तो आधींच निघालेला असे. सामान पुढें आणि माणूस मागें, ही व्यवस्था देगलूरच्या पेठेंत कोणास खटकत नसे. विमानतळास नेमकी तीच खटकते, आणि त्या खटकण्यामागें दुःखाचा इतिहास आहे.

देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथून समुद्रापार जावयाचें म्हणजे बैलगाडीनें वा मोटारीनें नांदेड गांठावयाचें, तेथून आगगाडीनें मनमाड, आणि मनमाडास गाडी बदलून मुंबई. हजला जाणारे यात्रेकरू मुंबईच्या मुसाफिरखान्यांत उतरत. टोचून घेणें, कागदपत्रें करणें, आगबोटीची वाट पाहणें, यांत दिवसांमागून दिवस जात. त्यांना ‘किती तास आधीं’ असा प्रश्न पडलाच नाहीं. त्यांचा हिशेब दिवसांचा होता. हजची ही आगबोट १९९५ पर्यंत चालली.

विमानानें हे दिवस पुसून टाकले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून लंडनकडे निघालें. वाटेंत कैरो आणि जिनिव्हा. त्या उतारूंना ना यंत्राच्या कमानींतून जावें लागलें, ना पादत्राणें काढावीं लागलीं. पोंचवावयास आलेली मंडळी पार विमानाजवळ जाऊन हार घालीत, असा तो काळ.

मग हे तास वाढले कसे? ते कोणा अधिकाऱ्याच्या लहरीनें वाढले नाहींत. जानेवारी १९७१ मध्यें श्रीनगरहून जम्मूकडे निघालेलें ‘गंगा’ विमान लाहोरला पळवून नेण्यांत आलें. १० सप्टेंबर १९७६ रोजीं दिल्लीहून निघालेल्या आणखी एका विमानाची तीच गत झाली. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्यें विमान-सुरक्षेसाठीं एक स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. आतां प्रत्येक उतारूची झडती आली, आणि झडतीबरोबर रांग आली.

परंतु खरा घाव बसला तो २३ जून १९८५ रोजीं. एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान कॅनडाहून लंडनमार्गें दिल्लीस येत असतां आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोट होऊन समुद्रांत कोसळलें. ३२९ माणसें गेलीं. बाँब होता तो एका पेटींत. ती पेटी व्हँकूव्हरला विमानांत चढविण्यांत आली. तिचा धनी मात्र चढलाच नव्हता. प्रस्थान पुढें गेलें, माणूस मागेंच राहिला! तेव्हांपासून पेटी आणि माणूस यांची गांठ घालून पाहणें हा विमानतळांचा कडक नियम झाला. नोंदलेला उतारू वेळेवर दारांत आला नाहीं, तर त्याची पेटी शेंकडों पेट्यांतून शोधून खालीं उतरवावी लागते, आणि बाकीचे सारे ताटकळतात. नोंदणीची खिडकी उड्डाणापूर्वीं ६० मिनिटें, कांहीं कंपन्यांची त्याहूनही आधीं, बंद होते, त्याचें एक मोठें कारण हें आहे. खिडकीवरच्या माणसाशीं हुज्जत घालणाऱ्यानें तें ध्यानांत घ्यावें. त्याच सुरक्षा-कक्षाचें १ एप्रिल १९८७ रोजीं स्वतंत्र खातें झालें. १९९९ च्या डिसेंबरांत काठमांडूहून निघालेलें विमान कंदाहारला नेलें गेलें, आणि पुढल्या वर्षापासून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊं लागला. २००६ मध्यें लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, तेव्हांपासून हातांतल्या पिशवींत १०० मिलिलिटरांहून मोठी द्रवाची बाटली चालत नाहीं. आईनें दिलेली लोणच्याची बरणी त्यामुळेंच मोठ्या पेटींत जावी लागते. नाहीं तर ती तपासणीच्या मेजावर राहते.

आखातांत मजुरीस जाणाऱ्यास आणखी एक दार आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालीं, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारास कित्येक देशांसाठीं आगाऊ परवानगी लागते, आणि ती पारपत्र पाहणारा अधिकारी तपासतो. कर्ज काढून निघालेल्या अशा माणसाचें विमान चुकलें, तर तिकीट तर जातेंच, पण कधीं नोकरीही जाते.

देगलूर १९५६ मध्यें हैदराबादपासून वेगळें होऊन मुंबई राज्यांत आलें. पण परदेशचें विमान गांठण्यासाठीं त्याची वाट अजून हैदराबादेकडेच जाते. गांवांत आजवर रेल्वे आलेली नाहीं. पूर्वीं बेगमपेठचा विमानतळ शहरांतच होता. मार्च २००८ पासून प्रवाशांचीं विमानें शहराच्या दक्षिणेस शमशाबादेहून सुटतात. मदनूर, पिटलम, संगारेड्डी ह्या मार्गानें, मग शहराभोंवतालच्या वर्तुळरस्त्यानें, अंतर सुमारें २०० किलोमीटर भरतें. कंपन्या ‘तीन तास आधीं या’ म्हणतात, ते तास विमानतळाच्या दारापासूनचे. देगलूरकरानें ते स्वतःच्या उंबरठ्यापासून मोजावयाचे.

आखाताकडचीं पुष्कळ विमानें उत्तररात्रीं सुटतात, आणि येथें एक जुनी संवय घात करते. पंचांगाचा वार सूर्योदयास बदलतो, तिकिटावरचा मध्यरात्रीं. मंगळवारीं पहांटे चारचें विमान म्हणजे देगलूरच्या बोलींत सोमवारचीच रात्र. एक वाजतां शमशाबादच्या दारांत असावें, वाटेला चहापाण्यासह पांच तास धरावे, वर एक तास चाक बसलें तर म्हणून राखून ठेवावा. म्हणजे सोमवारीं संध्याकाळीं सात वाजतां, दिवेलागणीच्या सुमारास, घरून निघालें पाहिजे. पेटी बरोबर घेऊन.