आखूड नळी, तीच मूठ

मी फौजेत आर्मरर होतो, हे कळलं की गावातली पोरं हमखास विचारतात, "नाना, पिस्तूल लहान चांगलं की मोठं?" मी उलट विचारतो, लहान म्हणजे कुठून लहान? नळीत की मुठीत? पोरं गोंधळतात. त्यात त्यांचा दोष नाही, मोठमोठे कारखानदारही या प्रश्नापाशी बरीच वर्षं अडखळले.

अमेरिकी सैन्यानं १९११ साली जॉन ब्राउनिंगचं .४५ चं कोल्ट स्वीकारलं. पाच इंची नळी, मॅगझिनमध्ये सात गोळ्या, रिकाम्या पिस्तुलाचं वजन सुमारे अकराशे ग्रॅम. दुसरं महायुद्ध आटोपल्यावर त्याच सैन्याला अधिकाऱ्यांसाठी हलकं हत्यार हवंसं वाटू लागलं. १९४९ च्या सुमारास मागणी निघाली : लांबी सात इंचांच्या आत, वजन पंचवीस औंसांच्या, म्हणजे साधारण ७०० ग्रॅमच्या आत. कोल्टनं त्यातून 'कमांडर' काढलं. नळी सव्वाचार इंचांवर आणली, फ्रेम पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची केली. मूठ मात्र तेवढीच ठेवली. सैन्यानं ते घेतलं नाही, तेव्हा कोल्टनं ते नागरिकांना विकलं.

आता गंमत बघा. पिस्तूल कमरेला खोचलं की नळी पट्ट्याखाली जाते, ती कुणाच्या नजरेत येत नाही. सदऱ्यातून फुगवटा दिसतो तो मुठीचा. म्हणजे लपवायचंच असेल तर कात्री मुठीला लावायला हवी होती. जर्मनांना हे फार आधी उमगलं होतं : वाल्थरचं पीपी १९२९ चं आणि दोन वर्षांनी आलेलं पीपीके नळीत आणि मुठीत, दोन्हीकडे आखूड. कोल्टला तिथवर यायला १९८५ उजाडलं. त्या सालच्या 'ऑफिसर्स'ची नळी साडेतीन इंची, मूठ आखूड, गोळ्या सहा. मूठ छाटली की एखादी गोळी जाते आणि करंगळीला जागा उरत नाही. झटका आवरायला ती करंगळी किती कामाची असते, हे रेंजवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

माझा हात बसला तो आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीच्या 'नाइन एमएम वन-ए'वर. याचं मूळ ब्राउनिंगचंच. १९२६ साली बेल्जियममधल्या लिएज इथे, कारखान्यातच त्याला मरण आलं. अपुरं काम द्यूदोने सेव्हनं पुरं केलं आणि १९३५ मध्ये तेरा गोळ्यांचं 'हाय-पॉवर' बाहेर पडलं. युद्धात बेल्जियम जर्मनांच्या हाती गेल्यावर कॅनडातल्या इंग्लिस कंपनीनं ते बनवलं. आपलं ईशापूरचं त्याच वळणाचं. सगळं पोलाद, भरपूर मूठ, आणि स्वभावानं सोशिक.

सोशिक असलं तरी पावसाळ्यात त्याच्याकडे पाठ फिरवून चालत नाही. कातडी होल्स्टर ओल धरून ठेवतं, म्हणून कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, पिस्तूल त्यात घालून ठेवायचं नाही. घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबूस होतात. नळी मागच्या बाजूनं, चेंबरकडून साफ करायची. पुढून दांडी घातली की नळीचं तोंड झिजतं आणि नेम बिघडतो. आधी ब्रश, मग कोरडी चिंदी, मग तेलाची नुसती पुसट चिंदी. स्लाइड ज्या रेलवरून धावते तिथे तेल हवंच, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तर जास्तच, कारण तिच्यावर पोलाद घासत असतं. मॅगझिनच्या आत मात्र थेंबही नको. तेल धूळ धरतं, धुळीनं गोळी अडते. नव्या जवानांना तेल ओतण्याची फार हौस असते. बर्फाळ चौकीवर तेच तेल घट्ट होऊन हत्यार सुस्तावतं.

आखूड पिस्तूल इतकं सोसत नाही. स्लाइड हलकी आणि तिला मागे जायला जागा कमी, म्हणून तिची स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि ती लवकर थकते. पुढची गोळी वर यायला वेळही थोडा मिळतो. मोठ्या पिस्तुलात खपून जाणारी काजळी लहानात अडकून बसते. ज्याला हत्यार पुसायचा कंटाळा, त्यानं लहानाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

पुढे ऑस्ट्रियाचा गास्टोन ग्लॉक आला. हा माणूस आधी सुऱ्या आणि पडद्यांच्या दांड्या बनवायचा. त्याचं प्लास्टिक फ्रेमचं ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ मध्ये पसंत केलं. १९८८ च्या ग्लॉक १९ मध्ये त्यानं नळी ११४ वरून १०२ मिलिमीटर केली आणि मूठही छाटली. गोळ्या सतरावरून पंधरा. सतराचं मॅगझिन एकोणीसमध्ये बसतं, खाली थोडं लोंबतं. उलटं जमत नाही. अमेरिकी सैन्याच्या निवडीत २०१७ साली ग्लॉक हरलं आणि 'सिग' जिंकलं. त्या स्पर्धेसाठी घडवलेल्या नमुन्यावरून २०१८ मध्ये ग्लॉक १९एक्स बाजारात आलं. त्यात मूठ सतराची, स्लाइड एकोणीसची. म्हणजे कोल्ट कमांडरचाच बेत, जवळपास सत्तर वर्षांनी!

खोलण्याच्या बाबतीत मात्र ग्लॉकची तऱ्हा वेगळी. वन-एमध्ये मॅगझिन काढा, चेंबर बघा, स्लाइड मागे ओढून सेफ्टीच्या खाचेत अडकवा, उजवीकडून पिन ढकला. चापाला हात लावायचं कारणच नाही. ग्लॉकची स्लाइड उतरवण्याआधी चाप ओढावाच लागतो. म्हणून आधी मॅगझिन बाहेर, मग चेंबर डोळ्यांनी बघायचं, वर करंगळी घालून चाचपायचं, आणि तोंड सुरक्षित दिशेला धरूनच पुढचं काम करायचं.