जुना नाद पुन्हा घडवताना : गिटारच्या पिकअपचा इतिहास

#थ्रेड

(१) नाशिकजवळच्या ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो मिग-२१ हे सोव्हिएत लढाऊ विमान परवान्याने भारतात बांधण्यासाठी. आधी आणलेल्या भागांची जुळणी आणि मग टप्प्याटप्प्याने कच्च्या मालापासून घडण, अशा क्रमाने ते काम पुढे गेले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. दुसऱ्याने घडवलेली वस्तू पुन्हा घडवायची तर एकच भाग हाती असून भागत नाही, हे ओझरला वेगळे सांगायला नको.

(२) त्याच ओझरमध्ये आज एखादा तरुण इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसला आणि १९८०च्या दशकातील अतिद्रुत वादनाचा, म्हणजे ‘श्रेड’ शैलीचा नाद आपल्या वाद्यातून काढायचा असे त्याने ठरवले, तर त्याच्यापुढचा प्रश्नही त्याच जातीचा असतो. पहिला सल्ला त्याला मिळतो तो पिकअप बदलण्याचा. पण कोणता पिकअप? याचे उत्तर दुकानाच्या यादीपेक्षा इतिहासात अधिक नेमके सापडते.

(३) पिकअप हे मूलतः चुंबक आणि तांब्याची तार यांचे यंत्र आहे. चुंबकाभोवती साधारण केसाएवढ्या जाडीच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर ताणलेली पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण वीज उपजते. तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ साली सिद्ध केलेलेच. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो धातूची हालचाल टिपतो. म्हणूनच नायलॉनच्या तारांपुढे तो मुका असतो.

(४) त्याचा जन्म गरजेतून झाला. १९२०च्या दशकातील अमेरिकी वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे. जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये नालाच्या आकाराचे चुंबक वापरून विजेवर चालणारी हवाईयन गिटार बनवली. तिचा आकार तव्यासारखा, म्हणून टोपणनाव ‘फ्राइंग पॅन’. पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. तेव्हा कुणालाही ‘टोन’ नको होता, आवाज मोठा व्हावा एवढीच अपेक्षा होती.

(५) १९३६ साली गिब्सन कंपनीची इएस-१५० बाजारात आली आणि चार्ली ख्रिश्चनने तिच्यावर सॅक्सोफोनच्या तोडीचे एकल वादन करून दाखवले. ठेका धरणारे वाद्य आता स्वतंत्रपणे बोलू लागले. एकेका तारेवरचा एकेक स्वर श्रोत्यापर्यंत पोहोचू लागला, तेव्हाच पुढच्या अतिद्रुत वादनाचा पाया पडला. जो स्वर ऐकूच येत नाही, तो जलद वाजवण्यात अर्थ नसतो.

(६) मोठ्या आवाजाबरोबर एक पीडाही आली. एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेचा कंप टिपतो तशी आसपासच्या विजेची गुणगुणही टिपतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, ओझरच्या घरात ५० हर्ट्झची. तिचा दुप्पट स्वर १०० हर्ट्झ. गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. म्हणजे भारतातली ही गुणगुण जवळजवळ गिटारच्याच एका स्वरावर ठाण मांडून बसते.

(७) उपाय सापडला गिब्सनमधील सेथ लव्हर या अभियंत्याला. त्याने दोन वेटोळी शेजारी ठेवली. एकाचे चुंबकीय ध्रुव दुसऱ्याच्या उलट आणि जोडणीची दिशाही उलट. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हींत विरुद्ध होऊन परस्परांना खोडते, तारेचा स्वर मात्र दोन्हींत एकाच दिशेने येऊन दुणावतो. पेटंटसाठी अर्ज १९५५ साली, वापर १९५७ पासून, मंजुरी १९५९ साली. हाच ‘हमबकर’.

(८) त्या मधल्या काळातील पिकअपच्या तळाशी ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असे. त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते ‘पाफ’ या नावाने ओळखले जातात. चुंबक अ‍ॅल्निकोचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे. पण वेढ्यांची संख्या दर वेळी तंतोतंत सारखी नसे आणि चुंबकही निरनिराळ्या प्रतीचे लागत. त्यामुळे तारेचा विद्युतरोध कुठे साडेसात किलोओहम, कुठे नऊ. आज ज्याला ‘अस्सल’ म्हणून पूजले जाते, ते मुळातच एकसारखे नव्हते.

(९) नादाचा दुसरा अर्धा भाग लंडनमध्ये घडत होता. १९६२ पासून जिम मार्शलच्या दुकानातून येणारे अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या मर्यादेपलीकडे चालवले की स्वर फाटत असे. या फाटण्याने दोन गोष्टी साधल्या. स्वर लांबला, आणि हलका व जोरकस आघात यांतील अंतर मिटले. श्रेड वादनात अनेक स्वर उजव्या हाताने न छेडता डाव्या हाताच्या बोटांनी नुसते ठोकून काढतात. ते छेडलेल्या स्वरांइतकेच स्पष्ट ऐकू येतात, ते या फाटण्यामुळे.

(१०) मग अ‍ॅम्प लवकर फाटावा म्हणून पिकअपच अधिक जोरकस का करू नये? न्यू यॉर्कच्या लॅरी डिमार्झिओने १९७२ साली ‘सुपर डिस्टॉर्शन’ काढला. वेढे वाढवले आणि अ‍ॅल्निकोऐवजी सिरॅमिक, म्हणजे फेराइटचे चुंबक घेतले. विद्युतरोध तेरा-चौदा किलोओहमपर्यंत गेला. कारखान्याने बसवलेला पिकअप काढून दुसरा बसवण्याचा धंदा इथून रुजला. गिटार ही दुकानातून आणल्यावरही घडवत राहण्याची वस्तू झाली.

(११) त्या जोराची किंमत मोजावी लागते. वेढे वाढले की संकेत मोठा होतो, पण वेटोळ्याच्या गुणधर्मामुळे वरच्या पट्टीतली धार खाली सरकते आणि बोथट होते. मध्यम पट्टी पुढे येते. लांबलेल्या एका स्वराला हे शोभते. सेकंदाला दहा-बारा स्वर निघत असतील तेव्हा मात्र प्रत्येक स्वराची कड महत्त्वाची असते. ती गेली की माळेतले मणी सुटे न दिसता नुसता पट्टा दिसतो.

(१२) त्याच दशकात सेमूर डंकनने जेफ बेकसाठी घडवलेल्या गिटारमधून ‘जेबी’ पिकअपचा उगम झाला आणि १९७६ साली डंकनची कंपनी निघाली. चुंबक अ‍ॅल्निकोचे, विद्युतरोध मात्र सोळा किलोओहमच्या वर. १९८०च्या दशकातील असंख्य गिटारींत घोडीजवळ हाच बसला. केवळ रोधाचा आकडा पाहून जोर ठरवता येत नाही, हेही त्यातून कळते. तार अधिक बारीक घेतली तरी रोध वाढतोच.

(१३) आणि मग १० फेब्रुवारी १९७८. ‘व्हॅन हेलन’ या संचाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘इरप्शन’ नावाचा पावणेदोन मिनिटांचा गिटारवादनाचा तुकडा होता. एडी व्हॅन हेलनने सुटे लाकडी अंग आणि सुटी मान घेऊन वाद्य स्वतः जुळवले होते. घोडीजवळ एकच हमबकर, तोही गिब्सन इएस-३३५ मधून काढलेला जुना पाफ. मोठ्या आवाजात तो किंचाळू नये म्हणून त्याने तो वितळलेल्या मेणात बुडवला. टोनची कळ ठेवलीच नाही, फक्त आवाजाची.

(१४) जगातल्या सर्वांत अनुकरण झालेल्या या नादामागचा पिकअप असा मध्यम जोराचा होता. खरे काम मार्शलचा शंभर वॅटचा अ‍ॅम्प करत होता. एडी त्याला मिळणारा विद्युतदाब नियंत्रकाने कमी करत असे, अमेरिकेतील १२० व्होल्टऐवजी ९० च्या आसपास. सुरुवातीच्या मुलाखतींत त्याने तो दाब आपण वाढवतो असे सांगितले होते. गुपित पिकअपमध्ये नव्हते, आणि जे गुपित म्हणून सांगितले गेले तेही उलटे होते.

(१५) पुढच्या दहा वर्षांत या वादनाला संप्रदायाचे रूप आले. १९८० साली माइक व्हार्नीने श्रॅपनेल रेकॉर्ड्स काढली. १९८४ साली इंग्वे मामस्टीनचा ‘रायझिंग फोर्स’ आला. त्याच्या स्ट्रॅटोकास्टरचा ओळखीचा झालेला पिकअप म्हणजे डिमार्झिओचा एचएस-३, त्यात दोन वेटोळी एकावर एक रचलेली. गुणगुण नाही, जोरही मोजकाच. १९८७ साली स्टीव्ह वाय याच्या नावे आयबानेझची जेम ७७७ आली, तिच्यात ‘पाफ प्रो’ बसला. नावच सांगते की नजर १९५७ कडे होती.

(१६) महाराष्ट्रातही या काळाच्या खुणा आहेत. १९८० च्या ‘कर्ज’ चित्रपटात मागचा जन्म आठवून देणारी गिटारची धून गोरख शर्मा यांनी वाजवली. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन हा संच निघाला आणि महेश तिनईकर त्याचे गिटारवादक झाले. १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. १९९१ पूर्वी आयातीवर परवाने आणि भारी जकात होती. नाद कॅसेटमधून पोहोचत होता, पण तो काढणारी साधने दुर्मिळ होती. इथल्या कानांना नादाची ओळख आधी झाली, सामग्रीची नंतर.

(१७) साधने हाताशी असूनही जुने पुन्हा घडवणे किती अवघड, याचा दाखला खुद्द गिब्सन देते. १९८०च्या सुमारास कंपनीने टिम शॉ यांच्याकडे जुन्या पाफची प्रतिकृती करण्याचे काम सोपवले. रचना कंपनीची, पेटंट कंपनीचे. तरीही जुन्या पद्धतीच्या एनॅमल लेपाच्या तारेऐवजी पॉलियुरेथेन लेपाची तार घ्यावी लागली, कारण जुनी तार महाग पडत होती. स्वतःच्याच वस्तूचा परवाना स्वतःकडे असून प्रत तंतोतंत उतरली नाही.

(१८) म्हणून निवड करताना पहिला प्रश्न ‘कोणता पिकअप’ हा नसून ‘कोणते साल’ हा असतो. १९७८ हवे असेल तर अ‍ॅल्निकोचा, आठ-नऊ किलोओहमचा पाफ जातीचा पिकअप, घोडीजवळ. मामस्टीनचा १९८४ हवा असेल तर गुणगुण न करणारा, रचलेल्या वेटोळ्यांचा, सौम्य. १९८७ साठी पाफचीच जरा उजळ आवृत्ती. डिमार्झिओच्या १९७२ च्या मार्गाने जाणारा सिरॅमिक पिकअप शोभतो तो अ‍ॅम्प मुळात कमी फाटणारा असेल तिथे.

(१९) आजचे बहुतेक अ‍ॅम्प हवे तेवढे फाटतात. त्यांच्यापुढे जोरकस पिकअप लावणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे. नवा पिकअप घेण्याआधी बिनपैशाचा एक उपाय करून पाहण्याजोगा आहे. पिकअप धरून ठेवणारे दोन स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा दूर नेला की स्वर मोकळा होतो, जवळ नेला की दाटतो. हमबकरला ५०० किलोओहमची कळ लागते. २५० ची असेल तर धार तिथेच मरते आणि दोष मात्र पिकअपच्या माथी येतो.

(२०) नव्वद वर्षांच्या या इतिहासात गिटारवादकांनी आधी जोर मागितला, मग शांतता, मग पुन्हा जोर आणि अखेरीस स्पष्टता. प्रत्येक पिकअप त्या त्या वेळच्या अडचणीचे उत्तर होता. ज्याची अडचण वेगळी, त्याला ते उत्तर जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. ओझरला बांधलेले विमानही कोरापुटचे इंजिन आणि हैदराबादची उपकरणे बसल्याखेरीज आकाशात गेले नाही. ओझरच्या त्या तरुणाने पिकअप जरूर निवडावा, पण आपला अ‍ॅम्प, आपली कळ आणि आपली बोटे यांच्याकडे पाहून.

(समाप्त)