जामखेडची ग्राम आरोग्य सेविका

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथील सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची गावपातळीवरील कार्यकर्ती. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. निवडलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातल्या. त्या प्रशिक्षणासाठी जामखेडला येत, शिकलेले गावी जाऊन सांगत.

सेविकेला वेगळी इमारत नसते. तिचे घर हेच केंद्र. बाळाचे वजन करणे, गरोदर बाईची तपासणी, हगवण लागलेल्या मुलासाठी मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे ते आईच्या हातून करवून घेणे, ही तिची रोजची कामे. बाळंतपणाच्या पुडक्यात निर्जंतुक पाते, दोरा आणि कापूस असे. नाळ कापायला विळा वापरायची सवय त्यामुळे मोडली. महिला मंडळे, बचत, पाणी हे विषयही तिच्याकडेच येतात. औषधापेक्षा तिचा शेजार मोलाचा ठरला, असे म्हणायला हरकत नाही. सासू डॉक्टरांपुढे गप्प बसते, शेजारणीशी मात्र वाद घालते आणि मग ऐकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या ग्रंथात या प्रयोगावर प्रकरण आहे. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशभरात गावपातळीवरची ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती आली ती 2005 नंतर, म्हणजे जामखेडनंतर तब्बल 35 वर्षांनी.