शिष्यवृत्ती बंद झालेला निबंध

महाविद्यालयाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. दहावी झालो ती परळच्या एका रात्रशाळेत, दिवसा ओझी उचलून. तेव्हा महाविद्यालयांतील वादविवाद आणि मतभेद या विषयावर याने काय बोलावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर नाही. परंतु तीस वर्षे कामगार संघटनेत काढल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. गेटसभेत उभे राहून मालकाला, आणि प्रसंगी आपल्याच पुढाऱ्याला, ‘हे आम्हांला मान्य नाही’ असे तोंडावर सांगण्याची जी रीत या मुंबईत पडली, तिची एक मुळी जुन्या कॉलेजांत सापडते. ती उकरून पाहावी एवढाच आमचा हेतू.

१८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी पॅटन आणि रीड या प्राध्यापकांच्या साहाय्याने एक सभा काढली. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी हे तिचे लांबलचक नाव. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी अशी मंडळी तिच्यात होती. कोणी एकाने निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर वाद करावा, असा तिचा शिरस्ता. धर्म आणि राजकारण हे विषय मात्र वर्ज्य. आता धर्म वगळला, राजकारण वगळले, तर भांडायला उरले काय, असे वाटेल. या तरुणांना ते बरोबर सापडले. १८४९ साली बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, आणि चर्चेतून प्रश्न निघाला की, इतके पटले आहे तर शाळा का काढीत नाही?

येथे पुष्कळ सभा संपतात. ही संपली नाही. आपला वर्ग भरण्याआधी सकाळी मुलींना शिकवावयाचे असे सभासदांनी ठरविले, आणि मुली मिळविण्यासाठी ते घरोघर हिंडू लागले. कोणी ओटी वापरू दिली, तर कोणी जिन्यावरून खाली ढकलण्याची धमकी दिली. दादाभाईंनी या आठवणी म्हातारपणीही सांगितल्या आहेत. वर्गणीसाठी चाळींचे जिने चढलेल्या कोणाही कार्यकर्त्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल! ऑक्टोबर १८४९ मध्ये शाळा सुरू झाल्या. प्रारंभी पारशी मुली ४४ आणि हिंदू मुली २४. पुढे जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी वर्षभर आधी शाळा काढली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. तो मान त्यांचाच.

आता ज्या निबंधासाठी हे लिहावयास घेतले त्याकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत जे उत्तीर्ण झाले त्यांत महादेव गोविंद रानडे हे एक होते. १८६२ साली पहिले बी. ए. झाले त्यांतही तेच. या हुशार मुलाने एल्फिन्स्टन कॉलेजात असता एक निबंध लिहिला. त्यात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि मराठी राज्याचे पारडे जड ठरविले. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी तो वाचला. जे सरकार तुला शिकविते त्याचीच निंदा करतोस काय, अशा अर्थाचे शब्द त्यांनी सुनावले आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली.

सहा महिन्यांची शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे पगार अडलेल्या माणसास विचारावे. ग्रँटसाहेब दुष्ट नव्हते, विद्वान होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर त्यांचा ग्रंथ आहे. परंतु त्यांनी निबंधाला निबंधाने उत्तर दिले नाही, तिजोरीच्या किल्लीने दिले. रानडे पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागले, आणि तो विषय त्यांनी सोडला नाही. १९०० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. तरुणपणी दंड होऊन गेलेले मत माणसाने साठीच्या उंबरठ्यावर पुराव्यांसह पुन्हा मांडावे, याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

पण रानड्यांनाही मतभेद ऐकावा लागला. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरविताना त्यांनी जोतीराव फुल्यांना बोलाविले. जोतीरावांनी येण्याचे नाकारले. जे शूद्रादिकांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा भावार्थ. ते पत्र छापून आले आणि आजही वाचले जाते. सभेला कोण आले नाही, यावरूनही कधी कधी सभेची किंमत करावी लागते.

गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजची गोष्ट आणखी निराळी. ज्या जॉन विल्सन यांचे नाव त्याला आहे, त्यांनी १८३० च्या सुमारास मुंबईत हिंदू पंडितांशी जाहीर वाद घातले होते. मोरभट दांडेकरांनी १८३१ साली पुस्तक छापून त्यांना उत्तर दिले. म्हणजे भर सभेत वाद करण्याचा धडा पाद्रीसाहेबांनीच दिला! पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याच कॉलेजात सक्तीच्या बायबल-वर्गांविरुद्ध विद्यार्थी उठले, तेव्हा त्यांचा पुढारी श्रीपाद अमृत डांगे याला काढून टाकण्यात आले. डांगे चौपाटीवरून निघाले ते काही वर्षांत लालबाग-परळच्या गिरण्यांच्या दाराशी येऊन उभे राहिले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि गिरणी कामगार युनियन यांत त्यांचे नाव आहे. त्यांचे सारेच राजकारण आम्हांस पटते असे नाही. परंतु कॉलेजातला वाद गिरणीच्या दारापर्यंत कसा येतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले ते सकाळचे, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. तेथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरे. एकाने ठराव मांडावा, दुसऱ्याने विरोधी बाकावरून तो खोडावा. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून परळ भागात रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. आमच्यासारख्यांचे कॉलेज ते हेच.

येथवर प्रिन्सिपॉलांचे दोष सांगणे सोपे गेले. आता स्वतःचा सांगतो. आमचे वडील साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. त्या घरातून आलेल्या आम्ही एकदा एका कारखान्यात पगारवाढीचा करार केला. कंत्राटी कामगार त्यात नव्हते. सभेत एक तरुण फिटर उठला आणि म्हणाला, “साहेब, आज त्यांना बाहेर ठेवाल, तर उद्या आमच्या जागेवर तेच येतील, निम्म्या पगारात.” आम्ही त्याला ‘मालकाचा माणूस’ म्हटले आणि माइक काढून घ्यावयास लावला. सभेने टाळ्या वाजविल्या. पाच वर्षांत त्या कारखान्यात कायम कामगार मूठभर उरले.

ग्रँटसाहेबांनी निदान निबंध शेवटपर्यंत वाचला होता. आम्ही त्या फिटरला तिसरे वाक्यही बोलू दिले नाही. नंतर त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्याने चहा दिला, आणि ते तिसरे वाक्य काय होते तेही सांगितले: कराराची मुदत तीनऐवजी दोन वर्षांची ठेवा आणि मधल्या काळात कंत्राटी लोकांना सभासद करून घ्या. त्या कारखान्यापुरता त्याचा उपयोग उरला नव्हता. पुढच्या दोन ठिकाणी आम्ही तसेच केले.