पतंगाचा मांजा आणि मॉडेल विमानाची तार : खेळातील मजा व सुरक्षिततेचा इतिहास

प्रस्तावना

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वर मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून फिरताना वर पाहा. जुन्या घरांच्या सपाट गच्च्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. पूर्वेला जवळच सांथोमचा किनारा आहे आणि दुपारी समुद्रावरून वारा येतो. जिथे गच्ची आणि वारा, तिथे पतंग आलाच. तमिळमध्ये पतंगाला 'पट्टम' आणि बोलीत 'कात्ताडी' म्हणतात. पण काच लावलेल्या दोऱ्याला तिथेही 'मांजा'च म्हणतात. आपल्याकडे पतंग म्हटले की संक्रांत आठवते. चेन्नईत हा खेळ मुख्यतः उन्हाळी सुट्टीतला आहे.

या पतंगाकडे कायदा कसा पाहत होता? 1934 च्या भारतीय विमान अधिनियमात 'विमान' या शब्दाची व्याख्या करताना फुगे आणि ग्लायडर यांच्याबरोबर पतंगाचाही उल्लेख होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत गच्चीवरचे पोर विमानच उडवत होते! म्हणून या पाठात आपण पतंगाची काटाकाटी आणि छंद म्हणून उडवली जाणारी मॉडेल विमाने शेजारी ठेवून पाहू. दोन्ही खेळ दोरीच्या ताणावर चालतात. प्रश्न एकच आहे : मजा न घालवता धोका कसा आवरायचा?

1. सुती मांजा : कच्चेपणातली सुरक्षितता

जुना मांजा सुती दोऱ्याचा असे. भाताची खळ किंवा सरस, काचेची पूड आणि रंग एकत्र करून तो लगदा दोऱ्यावर चढवायचा आणि दोरा उन्हात वाळवायचा. बोटे कापत, म्हणून खेळणारे बोटांना चिकटपट्टी किंवा चिंधी गुंडाळत. पेच लागला की ढील द्यायची की खेच मारायची, यातच सारे कौशल्य होते.

हा मांजाही निरुपद्रवी नव्हता. त्यानेही माणसे आणि पक्षी जखमी होत. पण त्यात एक गुण होता : तो तुटायचा. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की सुती दोरा हार मानतो, आणि पावसात भिजून कुजून जातो. खेळाची ही मर्यादा कोणी ठरवून घातलेली नव्हती. ती धाग्यातच होती.

2. नायलॉन : धागा जिंकला, खेळ हरला

नंतर बाजारात नायलॉनचा मांजा आला. तो स्वस्त, चिवट आणि सहसा न तुटणारा होता. पेच जिंकायला सोपे झाले, पण धाग्यातली ती मर्यादा गेली. कापलेला पतंग वाऱ्यावर जातो तेव्हा लांबलचक मांजा मागे लोंबत राहतो आणि रस्त्यावर आडवा पडतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला 11 मीटर अंतर कापतो. तो बारीक धागा त्याला दिसतच नाही. धागा तुटला नाही, तर गळा कापला जातो.

नोव्हेंबर 2019 मध्ये उत्तर चेन्नईत आईवडिलांबरोबर दुचाकीवरून जाणारे तीन वर्षांचे मूल मांज्याने गळा कापून दगावले. त्याआधीच, 11 जुलै 2017 रोजी, राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली होती. चेन्नई पोलिसांचेही मनाई आदेश निघत आले. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये या विषयाची स्वतःहून दखल घेतली. तरीही दर संक्रांतीला वृत्तपत्रांत तीच बातमी असते. बंदी दुकानावर चालते; 'माझा पतंग कटता कामा नये' या हट्टावर ती चालत नाही.

3. मॉडेल विमान : नियम खेळाच्या आत

आता दुसऱ्या खेळाकडे वळू. सुरुवातीची इंजिनाची मॉडेल विमाने एकदा सोडली की वारा नेईल तिकडे जात. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जिम वॉकर यांनी तारांवर फिरणारे विमान लोकप्रिय केले. खेळाडू मधोमध उभा राहतो, हातातली मूठ वर-खाली कलवतो आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरते.

यातूनच सांघिक शर्यत आली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन विमाने एकाच वर्तुळात उडतात, तारेची लांबी 15.92 मीटर असते आणि 100 फेऱ्यांत 10 किलोमीटर होतात. वेग ताशी 200 किलोमीटरच्या घरात जातो. तेव्हा तारेवरची ओढ विमानाच्या वजनाच्या सुमारे 20 पट होते. अर्ध्या किलोचे विमान हाताला जवळजवळ 10 किलोने ओढते. म्हणून उड्डाणापूर्वी तारा ताणून तपासल्या जातात.

याच खेळात काटाकाटीही आहे. दोन विमाने एकमेकांचा पाठलाग करतात. पण कापायची असते ती शेपटीला बांधलेली कागदाची पट्टी. एका कापणीला 100 गुण मिळतात आणि झुंज चार मिनिटांची असते. तारा तरीही गुंततात, म्हणून हेल्मेट, मूठ आणि मनगट जोडणारा पट्टा आणि विमान सुटून गेले तर इंजिन बंद पाडणारी यंत्रणा आहे. पेचाची सारी मजा शिल्लक आहे. फक्त कापायची वस्तू बदलली.

4. तुलना : धोका कोणाचा?

दोन्ही खेळांतला खरा फरक वेगाचा नाही. मॉडेल विमान मांज्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते. फरक असा की विमानाचा धोका वर्तुळात उभ्या असलेल्यांनी पत्करलेला असतो, आणि प्रेक्षक त्या वर्तुळाबाहेर असतात. मांज्याचा धोका मात्र खेळात नसलेल्या माणसावर पडतो. गच्चीवरच्या मुलाला तो माणूस दिसतही नाही. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतच्या छंदाच्या मॉडेल विमानाची व्याख्या करताना ते नजरेच्या टप्प्यातच उडवावे, असे म्हटले आहे. त्यामागचे तत्त्व हेच : ज्याच्या डोक्यावरून आपण उडवतो, तो आपल्याला दिसला पाहिजे.

सारांश

सुती दोऱ्याची मर्यादा निसर्गाची होती. नायलॉनने ती पुसली. मॉडेल विमानवाल्यांनी आपली मर्यादा स्वतः आखून घेतली आणि ती खेळाचाच भाग केली. गच्चीवरही ते अशक्य नाही : साधा सुती दोरा, मोकळे मैदान, आणि उतरताना झाडावर अडकलेला मांजा काढून घेण्याची सवय. पतंग कटण्याची तयारी असेल तरच काटाकाटी हा खेळ राहतो.

विचार करा

1. तुमच्या गावात पतंग कुठून उडवले जातात? खालून कोणता रस्ता जातो?
2. काटाकाटीत मांज्याऐवजी दुसरे काय कापता येईल? तुमच्या खेळाचे तीन नियम लिहा.