एका माणसाची दोन तिकिटं

मोहन्याला समुद्र नाही. आंबिवली स्टेशनात उतरलं की थोड्या अंतरावर हे गाव लागतं. शेजारून उल्हास नदी वाहते, आणि एनआरसीचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला तरी पत्ता सांगताना लोक अजून त्याच कारखान्याचं नाव घेतात. अशा गावात बोटीच्या भाड्याची चर्चा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण हीच नदी पुढे कल्याणच्या खाडीला मिळते, आणि कल्याण हे फार जुनं बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि मराठी आरमाराची पहिली गलबतं याच खाडीत बांधली जाऊ लागली. तेव्हा बोटीचा विषय आपल्याला परका नाही.

मुद्दा आहे तो एका छोट्या ओळीचा. हल्ली वर्तमानपत्रात समुद्रपर्यटनाच्या, म्हणजे क्रूझच्या जाहिराती येतात. मोठ्या अक्षरांत 'प्रत्येकी अमुक हजार' असं लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत एक अट असते : 'दोघांनी एक केबिन घेतल्यास'. एकटा माणूस चौकशीला गेला की त्याला कळतं, त्याच केबिनचे त्याला दीडपट, कधी कधी चक्क दुप्पट पैसे मोजायचे आहेत. जेवण एकाचं, खाट एकाची, तिकिटं मात्र दोन. हा नियम कुठून आला? तो पहिल्यापासून असाच होता का?

नव्हता. आणि हे पाहायला कल्याणच्याच एका मुलीची गोष्ट उपयोगी पडते.

आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मल्या. वैद्यकीचं शिक्षण घ्यायला त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचं वय अठरा. जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. लोक विचारत होते ते प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. त्यांतला एक प्रश्न होता, एकटी का जातेस? त्यांचं उत्तर अगदी हिशेबी होतं. आधी दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं, पण तेवढे पैसे नाहीत. शिवाय घरची माणसं आहेत, ती सगळी गोपाळरावांच्या पगारावर अवलंबून. दोघंही गेलो तर त्यांनी खायचं काय? म्हणजे 'एकटी' हा हौसेचा किंवा बंडाचा शब्द नव्हता. एकाच माणसाचं भाडं परवडत होतं, म्हणून एकीनं जायचं.

७ एप्रिल १८८३ ला 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीनं त्या कलकत्त्याहून निघाल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या. ४ जूनला, जवळजवळ दोन महिन्यांनी, त्या न्यूयॉर्कला पोचल्या. याच एप्रिल महिन्यात पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या होत्या. त्यांच्याबरोबर छोटी मनोरमा आणि आनंदीबाई भगत होत्या. एकाच महिन्यात आपल्या दोन बायका समुद्रावर, एक एकटी आणि एक तिघींच्या मेळाव्यात.

त्या काळी बोटीचं तिकीट कसं मिळे, ते इथे लक्षात घ्यायला हवं. तिकीट केबिनचं नसे, खाटेचं असे. एका केबिनमध्ये दोन, चार किंवा त्याहून जास्त खाटा, एकावर एक बसवलेल्या. तुम्ही एक खाट विकत घ्यायची. बाकीच्या खाटांवर कोण येईल ते कंपनी ठरवणार. बायकांना बायकांच्या केबिनमध्ये जागा. एकांत हवा असेल, सबंध केबिन स्वतःला हवी असेल, तर जास्त पैसे. पण एकट्यानं प्रवास केला म्हणून कुणाला दंड नव्हता. प्रवासाला निघालेली माणसं बहुधा एकटीच असत : नोकरीला निघालेला, शिकायला निघालेला, व्यापारी, मिशनरी. दुप्पट भाडं लावलं असतं तर बोटी रिकाम्याच गेल्या असत्या.

आपल्या कोकणच्या बोटीचा हिशेब तर याहून सोपा. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींनी मुंबई आणि कोकण एकोणिसाव्या शतकात जोडले. पुढे तिच्याशी टक्कर द्यायला देशी भांडवलाची कंपनी उभी राहिली. 'माझी आगबोट कंपनी' म्हणून लोक तिला ओळखत. नंतर 'रोहिणी' आणि 'साबरमती', १९६० च्या दशकात चौगुल्यांच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत बोट पणजीला जाई. जिथे धक्का नव्हता तिथे बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून ये-जा करत.

या बोटीवर केबिनी थोड्या, आणि त्या सुखवस्तू लोकांसाठी. बाकी सगळे डेकवर. अप्पर डेकचं भाडं थोडं जास्त, कारण वारा. लोअर डेकचं कमी, कारण इंजिनाची धग आणि तेलाचा वास. बोटीत शिरलं की पहिलं काम सतरंजी पसरायचं. जितकी सतरंजी तितकी आपली जागा. गिरणगावातला एकटा चाकरमानी असो की लग्नाचं वीस माणसांचं बिऱ्हाड असो, माणशी भाडं तेच. मेळाव्याचा फायदा एवढाच, की एकानं आधी पळत जाऊन सगळ्यांसाठी वळकट्या टाकायच्या. एकट्या बाईला कुणीतरी आपल्या बायकामाणसांत सामावून घेई. वाटेत गावची, नात्याची ओळख निघे.

या आठवणी गोड असल्या तरी डेक म्हणजे स्वस्त आणि उघडी जागा, हे विसरून चालणार नाही. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. त्या दिवशी डेकवरच्या माणसांना समुद्रापासून आडोसा नव्हता.

भाडं कसं ठरतं, याचा एक धडा त्याच काळात दक्षिणेत मिळाला. तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी बोट कंपनी काढली. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीनं भाडं पाडत पाडत शेवटी उतारूंना फुकट न्यायची तयारी दाखवली. बोट सुटली की रिकाम्या जागेची किंमत शून्य होते. भाजीवाला संध्याकाळी भाव पाडतो त्याचं कारण हेच. आजच्या क्रूझ कंपनीचं सगळं गणित या एका गोष्टीवर चालतं.

मग एकट्याचं भाडं दुप्पट केव्हा झालं? त्याला विमान कारण झालं. १९५८ मध्ये अटलांटिक महासागरावरून जेट विमानं उडू लागली. पाच-सहा दिवसांचा प्रवास काही तासांवर आला आणि बोटीनं 'जाण्याची' गरज संपली. बोटी वाचवायच्या तर लोकांनी बोटीवर 'राहायला' यावं लागणार होतं. अमेरिकेत १९६० च्या आणि ७० च्या दशकांत सुट्टीसाठीच्या क्रूझ कंपन्या उभ्या राहिल्या. सुट्टीला माणूस एकटा येत नाही, नवरा-बायको येतात, असं धरून नव्या बोटी बांधल्या गेल्या. बोट तरंगतं हॉटेल झाली आणि केबिन म्हणजे डबल रूम. जुन्या प्रवासी बोटींवर एकेकट्याच्या लहान केबिनी असत, त्या हळूहळू कमी झाल्या. खाटेचं तिकीट जाऊन खोलीचं तिकीट आलं. परक्या माणसाबरोबर झोपायची सक्ती गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिची किंमत एकट्या माणसावर पडली.

कंपनीची बाजूही पाहू. केबिनमध्ये दुसरा माणूस आला असता तर त्याचं भाडं तर मिळालंच असतं, शिवाय त्यानं बोटीवर खरेदी केली असती, काही खाल्लं-प्यायलं असतं, किनाऱ्यावरची सहल घेतली असती. एकटा माणूस म्हणजे हा सगळा तोटा, असा तो हिशेब. तरी हा नियम दगडावरची रेघ नाही. २०१० मध्ये 'नॉर्वेजियन एपिक' या बोटीवर एकट्यांसाठी १२८ लहान केबिनी मुद्दाम बांधल्या आणि त्यांचं भाडं एकाच माणसाचं ठेवलं. त्यानंतर इतर कंपन्यांनीही असे प्रयोग केले. म्हणजे एकट्यांची संख्या मोजण्याइतकी आहे हे त्यांनाही कळलं.

आपल्याकडे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तोवर जुनी कोकण बोट बंद पडली होती. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही बोट आली. तिच्यावर जुनी आणि नवी दोन्ही रीत होती : सामायिक दालनातली एक खाटही मिळे आणि स्वतंत्र खोलीही. एकट्या तरुणाला ती खाट परवडे. २०२० च्या साथीत ती सेवा थांबली. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागली. ही पूर्ण क्रूझच्या पद्धतीची : आतली केबिन सर्वांत स्वस्त, मग खिडकीची, मग बाल्कनीची आणि सर्वांत वर स्वीट. भाव दोघांच्या हिशेबानं.

आता मेळाव्याचं गणित. कल्याण-डोंबिवलीकडे ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे, भिशीमंडळं, वर्गमित्रांचे गट एकत्र सहली काढतात. क्रूझला जाताना त्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कंपन्या आठ केबिनी, म्हणजे सोळा माणसं झाली की त्याला गट मानतात आणि सोळा भाड्यांमागे एक भाडं माफ करतात. ही सूट पुढाऱ्यानं एकट्यानं घ्यायची की सगळ्यांत वाटायची, हे निघण्यापूर्वी ठरवावं. नंतर ठरवलं तर मैत्री तुटते. एकाच केबिनमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला बहुधा कमी भाडं पडतं. मात्र अशा केबिनी थोड्या असतात, आणि बोटीच्या त्या भागातल्या जीवरक्षक होड्यांची क्षमता भरली की केबिन रिकामी असूनही तिसरा माणूस घेत नाहीत. बंदराचे कर आणि बक्षिसी माणशी वेगळी असते, ती धरूनच तुलना करावी.

आणि खरी अडचण येते ती विषम संख्येची. समजा पंधरा नातेवाईक निघाले. सात जोड्या आणि एक आत्या, यजमान गेल्यापासून एकट्या. दोघांच्या केबिनमध्ये माणशी भाडं २०,००० रुपये आहे असं धरू. आत्यांना वेगळी केबिन म्हणजे ४०,०००. एकूण झाले ३,२०,०००. सगळ्यांनी सारखे वाटून घेतले तर प्रत्येकी साधारण २१,३३३ पडतात. म्हणजे बाकीच्यांना १,३३३ रुपये जास्त, नाहीतर आत्यांना एकटीला २०,००० जास्त. दुसरा मार्ग, भाची आणि तिच्या मुलीच्या केबिनमध्ये आत्या तिसऱ्या. तिसऱ्याचं भाडं समजा १२,००० असेल, तर एकूण २,९२,००० आणि प्रत्येकी १९,४६७. सगळ्यांचाच फायदा, फक्त घरातल्या जावयांनी एका रात्रीची व्यवस्था बदलायची तयारी ठेवायला हवी.

हा हिशेब बहुतेक घरांत होत नाही. कुणीतरी फोनवर म्हणतं, "आत्या, तुमचं थोडं जास्त पडतंय." पलीकडून आत्या म्हणतात, "राहू दे रे, मला नाहीतरी बोट लागते." आणि यादीतून एक नाव कमी होतं. विधवा, अविवाहित, मुलं परदेशी असलेले म्हातारे, अशांची नावं कमी होण्याची ही रीत आहे. कंपनीच्या नियमानं ती सुरू होते, पण पक्की करतो ती आपली घरातली गप्प राहण्याची सवय.

आनंदीबाईंच्या घरी पैसे कमी होते, तरी हिशेब उघड मांडला गेला आणि जिनं जायचं ती गेली. आपल्या मेळाव्यांनीही हिशेब असाच उघड मांडावा. एकट्यानं चौकशी करताना तीन प्रश्न विचारावेत : एकट्याची केबिन आहे का, जादा आकार किती टक्के आहे, आणि सुट्टीचा मोसम सोडून तो कमी होतो का. मेळाव्याच्या पुढाऱ्यानं मात्र पहिला प्रश्न स्वतःच्या माणसांना विचारावा, आपल्यात एकटं कोण आहे? केबिनी त्यानंतर मोजाव्यात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)